टेपमधला मोर

दुरुस्तीच्या दुकानात एक गंमत असते. वस्तू नीट झाली की गिऱ्हाईक ती घेऊन जातं, किस्सा मात्र इथेच सोडून जातं. तो न्यायला परत कुणी येत नाही. असं करता करता सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दुकानात इतके किस्से साठलेत, की जुने कीबोर्ड ठेवायला जागा उरली नाही.

आमच्या म्हणजे रफीकभाईंच्या. मी तिथे कामाला आहे. मी मूळचा वैरागचा. दहावीच्या आधीच शाळा सुटली, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे कान गरम होतात. त्यामुळे चहाच्या वेळी किस्से रफीकभाई सांगतात आणि मी मान हलवतो. पण टेपचा किस्सा ते दर वेळी वेगळा सांगतात! परवा तर त्यांनी त्यात साप घातला. म्हणून म्हटलं, साप नसलेला एकदा आपण लिहून ठेवावा.

* * *

मशीन आलं ते रिक्षातून. मागच्या सीटवर टॉवेलांचं भलंमोठं गाठोडं, आणि त्याला मिठी मारून बसलेली पद्मक्का. पद्मक्काचा टॉवेलचा कारखाना आहे, लहानसा. यजमान गेल्यापासून ती आणि तिचे सासरे मिळून चालवतात. घरात तेलुगू बोलतात, मागावर मराठी, आणि अक्का चिडली की दोन्ही एकदम.

गाठोडं टेबलावर आलं. एक टॉवेल काढला, आत दुसरा. दुसरा काढला, आत तिसरा.

रफीकभाई म्हणाले, "अक्का, आत पेशंट हाय की नुसतीच पांघरुणं?"

शेवटी आतून निघाला एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. पुढच्या बाजूला चौकोनी तोंड. तो टेप ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह यायच्या आधीच्या काळात कॉम्प्युटरमधलं सामान असं टेपवर उतरवून ठेवायचे. गाण्याच्या कॅसेटसारखीच टेप, पण जाडजूड आणि तळाला पत्रा.

मग अक्कानं स्टीलचा डबा उघडला. आत एकच टेप.

"ह्याच्यात माझा मोर हाय," ती म्हणाली. "आणि हे मशीन त्याला बाहेर सोडंना."

मोर म्हणजे टॉवेलवरचं डिझाइन. तिच्या यजमानांनी कधीकाळी करून घेतलेलं. त्या मोराचे टॉवेल हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडे जायचे. मधे बरीच वर्षं बंद. आता त्या व्यापाऱ्यानं पुन्हा मागितले होते, मोठी ऑर्डर होती. अट एकच, तोच मोर पाहिजे, आणि नमुना दसऱ्याच्या आधी. अक्काचे निम्मे माग बंद पडलेले. विणणारे दुसरीकडे काम बघायला लागलेले. ही ऑर्डर आली तर ते थांबणार, गेली तर कारखान्याला कुलूप. एवढं सगळं त्या डब्यात होतं.

"दुसरी कॉपी?" रफीकभाईंनी विचारलं.

"न्हाई."

"कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर?"

"ती मागंच जळाली. यजमानांनी नवीन घातली, तिच्यात नुसता प्रोग्राम, डिझाइन एकबी न्हाई."

"बरं, मागावरचे पुठ्ठे तरी?"

पुठ्ठे म्हणजे भोकं पाडलेल्या पट्ट्या. त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो आणि टॉवेलवर नक्षी उमटते. डिझाइनमधला प्रत्येक ठिपका म्हणजे पुठ्ठ्यात एक भोक.

"पुठ्ठे बंबात गेले," अक्का म्हणाली.

"बंबात?"

"मग काय! घर रंगवताना माळ्यावरचं सगळं काढलं, मला काय ठाऊक कशाचे पुठ्ठे हायत. सगळा हिवाळा मोरावर पाणी तापवून आंघोळ केली आमी!"

* * *

तुम्ही म्हणाल, मोरच पाहिजे ना, मग दुसरा काढून घ्या! अक्कानं तेही करून बघितलं होतं.

व्यापाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर जुन्या टॉवेलचा फोटो पाठवला होता. पण तो टॉवेल त्यानं दुकानात काचेच्या कपाटात घडी घालून मांडलेला. घडीवर दिसत होता पिसारा आणि अर्धी मान. डोकं आत. पूर्ण फोटो मागायची सोय नव्हती. मागितला की त्याला कळणार, डिझाइन हिच्याकडे नाहीच. आणि कळलं की ऑर्डर दुसऱ्या दारात. तो आपला म्हणायचा, "तुमचाच माल, अम्मा. तुम्हाला मी काय फोटो दाखवू?"

अक्कानं तेवढ्या फोटोवरून एका डिझाइनवाल्याकडून मोर काढून घेतला. पिसारा हुबेहूब उतरला. डोकं त्यानं मनानं बसवलं. नमुना विणून तिनं सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांना घरात, कारखान्यात आणि गल्लीत सगळेच मामय्या म्हणतात. मामय्यांनी टॉवेल लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"सूनबाई," ते म्हणाले, "कोंबडीला एवढा पिसारा कशाला?"

* * *

रफीकभाईंची एक पद्धत आहे. मशीन कुठलंही असो, स्क्रू काढायच्या आधी ते ऐकतात. दुकानातला पंखा बंद, मोबाइल बंद, बोलणं बंद. मशीन चालू करायचं आणि कान लावायचा. गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस दुरुस्ती करतोय की नमाज पढतोय.

पद्मक्काचं मशीन त्यांनी टेप न घालताच चालू केलं. ड्राइव्हमधून आवाज आला, चिक, चिक, चप. थांबला. पुन्हा चिक, चिक, चप.

"अक्का, तुमी टेप आत घातली होती?"

"दोनदा घातली. हलली न्हाई. मग मारुतीला नारळ बोलले आणि हिकडं आणली."

"चांगलं केलं. तिसऱ्यांदा नक्को."

ड्राइव्ह उघडला. आत एक बोटाच्या पेराएवढं रबरी चाक असतं, ते टेपला पुढे ढकलतं. चाक होतं, पण रबर नव्हतं. इतक्या वर्षांच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ते वितळून काळं डांबर झालं होतं. मी बोट लावून बघितलं. बोट निघेना!

"दत्ता," रफीकभाई ओरडले, "ते बोट आता कुटंच लावू नक्को!"

मी कुठंच लावलं नाही. फक्त चहाचा ग्लास, दाराची कडी आणि चुकून रफीकभाईंचा पांढरा शर्ट.

* * *

नवीन चाक मिळणार कुठून? तो ड्राइव्ह बनवणं बंद होऊन जमाना झाला. मुंबईला फोन केला, पुण्याला केला. एक जण म्हणाला, "ड्राइव्ह कशाला दुरुस्त करताय, म्युझियमला द्या." अक्का समोर बसली होती. फोन स्पीकरवर होता. रफीकभाईंनी तो असा झटकन बंद केला, की जणू चटका बसला.

दोन दिवस गेले. अक्का रोज सकाळी यायची, काही विचारायची नाही, नुसती स्टुलावर बसून जायची. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मला सुचलं. सायकलच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी असते. ती ड्राइव्हमधल्या चाकाच्या दांड्यावर एकावर एक चढवली तर? मी आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडे गेलो. दुकानात चार माणसं बसलेली. मला घाम फुटला.

"व्हॉल्व्हची नळी पाहिजे. एकदम नवी."

"कुठल्या सायकलीला?"

"सायकलीला नाही."

"मग?"

"कॉम्प्युटरला."

त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला. चौघांकडे बघितलं. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पंक्चर झालाय का?"

आता तो मला कधीही रस्त्यात भेटला की विचारतो, "हवा भरायची का?"

* * *

नळी बसली, चाक फिरायला लागलं. अक्कानं लगेच डबा पुढे केला. रफीकभाईंनी दोन्ही हात मागे घेतले.

"आधी दुसऱ्या टेपवर बघू. तुमची एकच हाय, अक्का. टेपचा काय भरवसा नाही, एकदा वाचता आली तर आली."

पण दुसरी टेप आणायची कुठून? मोडनिंबला एक भंगारवाले अण्णा आहेत. जुन्या ऑफिसांचं सामान ते उचलतात. त्यांना फोन केला.

"टेपा? हायत की! लई हायत. या घेऊन जावा."

मी एसटीनं मोडनिंबला गेलो. अण्णांनी मला गोदामात न नेता थेट शेतात नेलं. बोराची बाग होती. झाडाझाडावर, फांदीफांदीवर तपकिरी फिती बांधलेल्या, वाऱ्यावर फडफडत होत्या, उन्हात चमकत होत्या. सगळी बाग फर्रर्र वाजत होती.

"ह्या काय टेपा," अण्णा म्हणाले. "पोपट लई तरास देत होते. एकबी येत न्हाय आता!"

मी त्या फितींकडे बघत उभा राहिलो. कुठल्या कुठल्या ऑफिसांचे पगार, बिलं, नावं, सगळं बोरांवर फडफडत होतं. आणि अक्काच्या डब्यातली टेप डोळ्यांपुढे आली.

"अण्णा, एकपण आख्खी नाही का?"

"हाय की एक. पर ती देऊ कशी? पलीकडचं झाड उघडं हाय की अजून!"

शेवटी मी त्यांना पिशवीतल्या खराब सीड्या दिल्या. त्या जास्त चमकतात, हे त्यांना पटलं. टेप घेऊन मी परत आलो. आता ते फोन करून विचारतात, "सीड्या हायत का रं? पोपट टेपला सरावले."

* * *

मोडनिंबची टेप ड्राइव्हमध्ये घातली. पंखा बंद केला. अक्का स्टुलावर, मी टॉर्च धरून, रफीकभाई कान लावून.

टेप फिरली! झर्रर्र करून छान पुढे गेली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. टेप शेवटाला आली की ड्राइव्हनं थांबायचं असतं. थांबला नाही. झर्रर्र चालूच. रफीकभाईंनी बटण बंद करेपर्यंत आतून 'फट्' आवाज आला. टेप दुसऱ्या टोकाहून सुटून चक्रीभोवती गुंडाळली गेली होती.

अक्काचा हात डब्यावर होता, तिनं डबा उचलून छातीशी धरला.

या टेपच्या टोकाला बारीक भोकं असतात. ड्राइव्हमध्ये त्यासाठी एक बारीकसा डोळा असतो. भोकातून उजेड दिसला, की त्याला कळतं, टेप संपली, थांबा. आमच्या ड्राइव्हला ते दिसलंच नव्हतं. मी टॉर्च आत मारला. त्या डोळ्यावर लाल, घट्ट थर होता.

"रफीकभाई, गंज चढलाय."

त्यांनी काडीनं थोडं खरवडलं. नाकाशी नेलं. आणि हळूच म्हणाले, "गंज नाही हे. कुंकू हाय."

आम्ही दोघांनी अक्काकडे बघितलं.

"खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा करतो की आमी," अक्का म्हणाली. "मामय्या करतेत."

"पण हे मशीन तर कितीतरी वर्षं बंद हाय!"

"म्हणून काय झालं?" अक्काला राग आला. "वापरलं न्हाई म्हणून पूजा पण करायची न्हाई?"

"करायची, अक्का, करायची. पण आत?"

"तोंड उघडं दिसलं की आतच लावणार!"

रफीकभाईंनी काडी खाली ठेवली. मग म्हणाले, "अक्का, तुमच्या मारुतीला दोन नारळ वाढवा. ते रबर वितळलं म्हणून तुमची टेप हलली नाही. हलली असती, तर हितंच थांबली असती," आणि त्यांनी चक्रीभोवतीचा गुंता दाखवला.

* * *

कुंकू पुसायचं होतं. रफीकभाईंनी स्पिरिट काढलं, कापूस काढला, आणि थांबले.

"मामय्यांना बोलवा, अक्का. त्यांनी लावलंय, त्यांना विचारून काढू."

मामय्या आले. पांढरं धोतर, टोपी, कानात अत्तराचा फाया. आल्या आल्या त्यांनी मशीनला नमस्कार केला. रफीकभाईंनी टॉर्च मारून त्यांना आतला डोळा दाखवला आणि काय झालंय ते सांगितलं. मामय्या वाकून वाकून बघत राहिले.

"म्हणजे मी त्याला आंधळा केला," ते म्हणाले.

"तसं नाही, मामय्या."

"तसंच हाय. काढा."

रफीकभाईंनी एक एक कण काडीनं सोडवला. खाली पडू दिला नाही. सगळं कुंकू कागदावर घेतलं, त्या कागदाची पुडी बांधली आणि मामय्यांच्या हातात दिली. "तुमची अमानत."

मामय्यांनी पुडी खिशात ठेवली. अक्काकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाले. अक्कानं आम्हाला सांगितलं, "मामय्या म्हणतेत, मशीन ह्यांच्याकडंच राहू दे, ह्यांच्या हाताला धर्म हाय."

रफीकभाईंचे डोळे भरून आले. मोडनिंबची टेप मी चिमट्यानं परत ओवली आणि लावून बघितली. ड्राइव्ह शेवटाला बरोबर थांबला, उलटा फिरला, सुरुवातीला बरोबर थांबला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवता वाजवता बघतो, तर मामय्यांनी पुडी सोडली होती, बोटावर कुंकू घेतलं होतं, आणि बोट ड्राइव्हच्या तोंडाशी नेलं होतं.

"मामय्या!" रफीकभाई किंचाळले. "बाहेरून! बाहेरून!!"

* * *

खऱ्या टेपचा दिवस. दसरा जवळ आला होता. मामय्या पाहुण्यांकडे अक्कलकोटला गेले होते, अक्का एकटीच आली. दुपारची वेळ, ऊन मरणाचं, आणि पंखा बंद. गल्लीत लाइट जातात म्हणून रफीकभाईंनी बॅटरी जोडली होती. अक्कानं दोनदा आत घातली तेव्हा टेपच्या चाकाला लागलेलं डांबर मी स्पिरिटनं पुसलं. टेप आत घातली. घालताना रफीकभाई म्हणत होते, "हल्लू, दत्ता, हल्लू. आपल्याला घाई नाही." आम्हाला घाई होती.

या जुन्या टेपच्या आत एक रबरी पट्टा असतो. तो वाळलेला असला की कधीही तुटतो. आणि तुटला की टेपचा कारभार आटपला. हे आम्हा दोघांना माहीत होतं, अक्काला सांगितलं नव्हतं.

खर्रर्र. ड्राइव्ह चालू झाला. थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघत होता. खर्र खट्, खर्र खट्. पडद्यावर फायलींची नावं एक एक करून यायला लागली. फुलं. वेल. दुसरी फुलं. मोर नाही.

तेवढ्यात अक्काचा फोन वाजला. पंखा, मोबाइल सगळं बंद ठेवायचं, हे ती विसरली होती. नाव बघून तिचा चेहरा उतरला. हैदराबादचा व्यापारी!

"घ्या," रफीकभाईंनी खुणेनं सांगितलं. नाही घ्यावा तर संशय.

"आ, नमस्कारम," अक्का तेलुगूत बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, पण तिचा आवाज हसरा आणि कपाळ घामानं डबडबलेलं. ड्राइव्हला थांबवता येत नव्हतं. तो आपला खर्र खट्, खर्र खट्.

अक्कानं फोनवर हात ठेवला. "विचारतोय, कसला आवाज हाय?"

रफीकभाईंनी दोन्ही हातांनी ड्राइव्ह झाकला.

अक्कानं हात काढला. "माग!" ती जोरात म्हणाली, आणि पुढे तेलुगूत काय काय सांगितलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा हात ठेवला. "म्हणतोय, असला आवाज कुठल्या मागाचा?"

आणि आम्ही काही सांगायच्या आत तिनंच उत्तर दिलं. ते मला भाषा येत नसूनही कळलं. "जर्मनी!"

व्यापारी खूश झाला. त्यानं फोन ठेवला त्याच क्षणी पडद्यावर नाव आलं, मोर. फाइल उतरत होती. उतरत होती. उतरली. ड्राइव्ह पुढच्या फायलीकडे निघाला आणि आतून बारीक आवाज आला, टप्. पट्टा तुटला.

रफीकभाईंनी हात वर केला, म्हणजे अजून कुणी हसायचं नाही. डिझाइनचा जुना प्रोग्राम उघडला, फाइल उघडली. दुकानातल्या जुन्या, डब्यासारख्या मॉनिटरवर वरून एक एक ओळ भरत गेली. तुरा, डोकं, गोल टपोरा डोळा, मान, पिसारा.

अक्का स्टुलावरून उठली. पडद्याजवळ गेली. त्या डोळ्याकडे बघत म्हणाली, "बघ की रे, कसा टकामका बघतोय माझ्याकडं!" आणि रडायला लागली.

* * *

आणि आता किस्स्याचा शेवटचा भाग.

पुठ्ठे पाडले, नमुना विणला, मागावरून उतरला तसा पार्सलात घालून हैदराबादला रवाना. अक्कानं दुकानात पेढे वाटले. सायकलवाल्यालासुद्धा दिले. एक जास्तीचा टॉवेल तिनं आठवण म्हणून दुकानात ठेवला.

चार दिवसांनी ती धावतच आली. मागोमाग मामय्या, अक्कलकोटहून नुकतेच आलेले, हातात पिशवी तशीच.

"व्यापारी म्हणतोय, माल चांगला हाय. रंग चांगला हाय. पण अम्मा, हा मोर कुणाचा? संध्याकाळपर्यंत सांगा, न्हाईतर मी दुसरीकडं बघतो!"

तिनं मोबाइल पुढे केला. व्यापाऱ्यानं या वेळी जुना टॉवेल घडी मोडून अंथरला होता, शेजारी आमचा नवा. पिसारा तोच. मान तीच. तुरा तोच. नव्या मोराला गोल टपोरा डोळा. जुन्या मोराला डोळाच नाही. डोकं साधं, सपाट. मान वळवून निवांत झोपलेला.

"म्हणतोय, आमचा मोर झोपलेला हाय. एका गेस्ट हाउसला जातो हा माल. त्यांनी पाटीवर, कपावर, चादरीवर, सगळीकडं ह्या टॉवेलवरून मोर रंगवून घेतलाय. झोपलेला मोर म्हणून वळखतेत त्यांना!"

"पण टेपमध्ये तर डोळा हाय," रफीकभाई म्हणाले. "आमी काय घातला नाही."

मामय्या पुढे आले. त्यांनी टेबलावरचा नवा टॉवेल उचलला. लांब धरला, जवळ धरला. मग आम्हा सगळ्यांकडे रागानं बघितलं.

"ह्याला उठवलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान गरम झाले.

"आमच्या घरात डोळा शेवटी," मामय्या म्हणाले. "नवीन डिझाइन आलं, की पुठ्ठ्यावर डोळ्याच्या भोकाला कागदाची चिठ्ठी लावायची. खंडेनवमीला पूजा करायची, नारळ फोडायचा, मग चिठ्ठी काढायची. मग डोळा उघडतो. माझ्या बापापासून हाय."

"मग ह्याची काढली न्हाई?" अक्कानं विचारलं.

मामय्यांनी टॉवेलची घडी घातली. "त्या वर्षी माल लई घाईचा होता. पूजा केली. नारळ फोडला." त्यांनी टोपी सारखी केली. "चिठ्ठी राह्यली."

अक्का मटकन स्टुलावर बसली. "आणि तसाच सगळा माल गेला?"

"त्यानं कधी तक्रार केली न्हाई. मीबी बोललो न्हाई."

रफीकभाई मला म्हणाले, "दत्ता, उघड."

मी फाइल उघडली. मोर पडद्यावर आला, टकामका बघायला लागला. डोळा म्हणजे काय, एक ठिपका. माउस तिथे नेला, आता पुसणार, तेवढ्यात मामय्यांनी माझा हात धरला.

"थांब. तुला न्हाई जमायचं ते."

त्यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली. कुंकू अक्काच्या तळहातावर ओतलं. पुडीच्या कागदाचा नखाएवढा तुकडा फाडला, जिभेवर ओला केला, वाकले, आणि मॉनिटरच्या काचेवर मोराच्या डोळ्यावर अंगठ्यानं दाबून चिकटवला.

मी चिठ्ठीच्या खाली अंदाजानं माउस नेला आणि ठिपका पुसला. चिठ्ठीमुळे काही दिसलं नाही.

मामय्या दोन पावलं मागे सरले. मोराकडे बघत राहिले. मग समाधानानं मान डोलावली.

"निजला," ते हळू आवाजात म्हणाले. "आता लावा माग."